बालातमधल्या शेजारच्या आजींची आशुरेची वाटी परत कशी करू?

खिडकीतली:

नमस्कार मंडळी, प्रश्न छोटाच आहे पण मागची गोष्ट सांगितल्याशिवाय कळायचा नाही, म्हणून थोडं लांबणार.

मी सध्या इस्तंबूलला आहे, बालात भागात तीन आठवड्यांसाठी एक खोली घेतलीय. तिसरा मजला, लिफ्ट नाही, गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घरात चमचा पडला तरी मला ऐकू येतो. पहिले चार दिवस सगळे जातात तिथे जाऊन आले, आयासोफिया, तोपकापी, मोठा बाजार, सगळं डोळे भरून बघितलं, पण नंतर खरं सांगते, मला या गल्लीतून हलावंसंच वाटेना. सकाळी सिमितवाला, म्हणजे तीळ लावलेली पावाची गोल कडी विकणारा, डोक्यावर ट्रे घेऊन ओरडत जातो, मग पाण्याचे मोठे जार खांद्यावर घेऊन एक मुलगा जिने चढत-उतरत असतो कारण नळाचं पाणी इथे प्यायला फारसं कोणी वापरत नाही, मग भंगारवाला "एस्किजीऽऽ" करत हातगाडी ढकलत येतो. संध्याकाळी ऊन उतरलं की बायका दाराच्या पायरीवर उशी टाकून सूर्यफुलाच्या बिया सोलत बसतात, आणि मांजरं तर विचारूच नका, दर चार दारांनंतर एक पाण्याचं भांडं ठेवलेलं, मांजर कोणा एकाचं नाही, सगळ्या गल्लीचं.

पण मला वेड लावलं ते टोपलीनं. समोर दुसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात, ऐंशीच्या आसपास असतील. सकाळी सव्वानऊला खिडकी उघडतात, कठड्यावरची कुंडी बाजूला सरकवतात आणि दोरीला बांधलेली वेताची टोपली खाली सोडतात. विहिरीत पोहरा सोडावा तशी, हातावर हात घेत, जरासुद्धा हिसका नाही. आत चिठ्ठी आणि पैसे. खाली कोपऱ्यावरचा किराणावाला, त्याला बक्काल म्हणतात, तो चिठ्ठी वाचून वर बघत काहीतरी विचारतो, आजी वरून ओरडून उत्तर देतात, मग पाव, दह्याचा डबा, कधी दोन लिंबं असं काय असेल ते ठेवतो, सुटे पैसे चिठ्ठीच्याच कागदात गुंडाळतो आणि दोरीला दोनदा झटका देतो. की टोपली वर.

तर शुक्रवारी टोपली अर्ध्यात असताना मी मोबाइल उचलला आणि आजींना खुणेनं विचारलं, काढू का? त्यांनी भुवया उंचावल्या, हनुवटी जराशी वर केली आणि तोंडानं "च्क" केलं. मला वाटलं काढ की, त्यात काय एवढं, असं म्हणतायत. मी दोन फोटो काढले. आजींनी भराभर दोरी ओढली, खिडकी लावली, पडदा पण ओढला. पुढचे दोन दिवस मी खिडकीत असेपर्यंत टोपली खाली आलीच नाही. फोटो मी त्याच रात्री डिलीट केले पण मनातनं ते जाईना.

आणि काल दुपारी दार वाजलं. दहा-अकरा वर्षांचा मुलगा, हातात काचेची वाटी, वर बशी झाकलेली. समोरच्या खिडकीकडे बोट दाखवून म्हणाला, आशुरे, आणि धूम पळाला. आत गव्हाच्या खिरीसारखं काहीतरी, पण त्यात छोले, पांढरा घेवडा, जर्दाळू, अंजीर, मनुका आणि वरून अक्रोड आणि दालचिनी. घेवडा गोडात कसा लागेल असं वाटलं होतं पण अख्खी वाटी संपवली.

आता ही वाटी परत कशी करायची? धुऊन रिकामी दिली तर चालेल का, त्यात काही घालायचं असेल तर काय, आणि फोटोबद्दल माफी मागावी की तो विषयच काढू नये? मला तुर्की चार शब्दांपलीकडे येत नाही. अजून एक, कचऱ्याच्या डब्याच्या कडेला लोक पिशव्या टांगून जातात, आत नुसता शिळा पाव असतो, ते काय आहे?

उस्कुदारची:

ताई, तुमचं वाचून मला आमची इस्तंबूलमधलीच उस्कुदारची गल्ली आठवली, नवऱ्याच्या नोकरीनिमित्त आम्ही पाच वर्षं होतो, धाकटी तिथेच चालायला शिकली.

वाटी रिकामी अजिबात परत करायची नाही. आपल्याकडे शेजारचं भांडं रिकामं पाठवत नाहीत ना, तिथेही अगदी तेच. आशुरे हा मोहरमच्या महिन्यातला पदार्थ, नूहची नाव पाण्यातून जमिनीला लागली तेव्हा उरलंसुरलं सगळं धान्य एकत्र शिजवलं अशी कथा सांगतात, म्हणून त्यात घेवड्यापासून अंजिरापर्यंत सगळं. एक मोठं पातेलं करतात आणि शेजारीपाजारी वाटतात, वाटण्यासाठीच करतात म्हटलं तरी चालेल. म्हणजे आजींनी तुम्हाला शेजारी धरलं, पाहुणी नाही.

काय घालायचं तर साधं. सध्या चेरी आणि जर्दाळू असतील, भाजीवाल्याकडून, मानाव म्हणतात त्याला, पाव किलो चांगल्या बघून घ्या, त्याच वाटीत धुऊन भरा. टुरिस्टांच्या दुकानातला लोकुमचा, म्हणजे त्या टर्किश डिलाइट मिठाईचा, बॉक्स नको, तो विमानतळावरून आणल्यासारखा वाटतो. हाताचं काही केलंत तर उत्तम, पण एक सांगते, रव्याचा शिरा करू नका, आपल्या बायकांच्या डोक्यात पहिलं तेच येतं. तिथे रव्याचा हलवा घरात कोणी गेलं की करतात, तूप-रवा भाजत भाजत गेलेल्या माणसासाठी प्रार्थना म्हणतात. मी पहिल्या वर्षी खालच्या मजल्यावर शिरा नेऊन दिला होता, त्या बाईंनी दारातच छातीवर हात ठेवून विचारलं, कोण गेलं?

देताना म्हणा "एलिनिझे सालक", तुमच्या हातांना आरोग्य लाभो. आणि आशुरेसाठी खास "अल्लाह काबूल एतसिन", त्यातला कबूल आपलाच. एवढं म्हणालात की आजी तुम्हाला आत घेतल्याशिवाय सोडायच्या नाहीत बघा.

आता ते "च्क". ताई, ते "नाही" होतं. स्वच्छ नाही. तुर्की लोक मान आडवी हलवण्यापेक्षा हनुवटी वर करतात, भुवया उचलतात आणि जिभेनं च्क करतात, कधी नुसत्या भुवया. राग नसतो त्यात, तुच्छता पण नसते, दुकानदार पण असंच सांगतो की माल संपलाय. तुम्ही विचारलंत, त्यांनी नाही सांगितलं आणि तुम्ही तरीही काढलात, असं झालं त्यांच्या बाजूनं. तुमचा दोष नाही, पण माफी मात्र मागा. "कुसुरा बाकमायन" म्हणा. कुसुर म्हणजे आपला कसूर, माझ्या कसुराकडे बघू नका. किती सुंदर आहे ना?

आणि पावाचं. पाव तिथे कचऱ्यात टाकत नाहीत, पाप मानतात. रस्त्यात तुकडा पडलेला दिसला तर उचलतात, ओठांना लावतात, कपाळाला लावतात आणि पायाखाली येणार नाही अशा उंच जागी, भिंतीवर वगैरे ठेवतात, मी शाळकरी पोरांना करताना बघितलंय. शिळा पाव वेगळ्या पिशवीत टांगायचा, कोणी गुरांसाठी नेतं, कोणी पक्ष्यांसाठी. बेकरीत एक पाटी पण दिसेल, "आस्कदा एकमेक". एकमेक म्हणजे पाव, हा शब्द ऐकला की मला आपला एकमेक आठवतो, तसा काही संबंध नाही पण आठवतो. आस्कदा म्हणजे टांगलेला. तुम्ही दोन पावांचे पैसे द्यायचे, एक घ्यायचा, दुसरा तिथेच ठेवायचा, ज्याच्याकडे पैसे नाहीत तो येऊन नुसतं विचारतो, टांगलेला आहे का, आणि घेऊन जातो. देणाऱ्यानं घेणाऱ्याला बघायचं नाही, घेणाऱ्यानं देणाऱ्याला नाही. मी निघेपर्यंत दर शुक्रवारी एक ठेवायचे.

धागादोरा:

वरच्या ताईंनी सगळं छान सांगितलंय, एका गोष्टीत मात्र माझं मत वेगळं आहे. शिऱ्याला एवढं घाबरायचं कारण नाही. मी कापडाच्या मशीनच्या कामानं बुर्साला आणि इस्तंबूलला दहा-बारा वर्षं जातोय, मासळीच्या हॉटेलात जेवणानंतर रव्याचा हलवा आइस्क्रीम घालून देतात, लोक आवडीनं खातात. वयस्कर बाईच्या घरी नेताना ताई म्हणतायत ते बरोबरच, तिथे चेरीच न्या. पण हा पदार्थ म्हणजे नुसतं मयताचं असं नव्या माणसाच्या मनात नको.

मला सांगायचंय ते हाक मारण्याबद्दल. त्या आजींना "तेयझे" म्हणा. तेयझे म्हणजे सख्खी मावशी, आईची बहीण, आणि रस्त्यावरच्या कुठल्याही वडीलधाऱ्या बाईला हीच हाक. आत्याला वेगळा शब्द आहे, हाला, पण अनोळखी बाईला कोणी हाला म्हणत नाही, मावशीच म्हणतात. पुरुषांना अमजा, म्हणजे काका, बापाचा भाऊ, आणि मामाला दायी. मला हे कळलं तेव्हा फार जवळचं वाटलं, कारण आपण पण अगदी असंच करतो, भाजीवाल्या बाईला आत्या कुठे म्हणतो? बक्कालला मात्र "आबी" म्हणा, मोठा भाऊ. आणि कोणीही काम करताना दिसला, पायरी धुणारी बाई असो की जार उचलणारा मुलगा, जाता जाता "कोलाय गेलसिन" म्हणायचं, काम सोपं जावो. हे दोन शब्द म्हटले की माणूस वर बघतो, त्याच्या चेहऱ्यावर फरक पडतो, मी शेकडो वेळा अनुभवलंय. नुसतं मेरहाबा, म्हणजे नमस्कार, म्हणून ते होत नाही.

आजी चहा देतीलच. दूध नसतं, मधे बारीक कंबर असलेला ग्लास असतो, खाली बशी, दोन साखरेचे चौकोन. रिझेकडचा चहा असतो, काळ्या समुद्राच्या बाजूचा, दुमजली किटलीत वर अर्क आणि खाली गरम पाणी. रंग तांबडा हवा, त्याला ते सशाचं रक्त म्हणतात, नाव ऐकून दचकू नका. ग्लास रिकामा दिसला की भरतात, विचारत नाहीत. पुरे झाला की छोटा चमचा ग्लासच्या तोंडावर आडवा ठेवायचा, मग थांबतात. मला हे माहीत नव्हतं तेव्हा एका गिऱ्हाइकाकडे नऊ ग्लास झाले होते.

कोपऱ्यावर पुरुषांचं चहाचं दुकान असेल, काहवेहाने, तिथे आत बायका सहसा बसत नाहीत, पण बाहेर उभं राहून ऐका. तावला, म्हणजे फाशांचा बॅकगॅमन, खेळतात, फासे पडले की आकडे तुर्कीत नाही तर फारसीत ओरडतात, येक, दू, से, जिहार, पेंच, शेश. सहा आणि पाच पडले तर शेश-बेश. एरवी बाजारात बिर, इकी, उच मोजणारी माणसं फासे हातात आले की शेकडो वर्षं जुन्या भाषेत मोजायला लागतात, मी त्या आवाजासाठी मुद्दाम थांबतो.

पायी_पायी:

मी फोटोंच्या बाजूनं थोडं लिहितो कारण कॅमेरा घेऊन फिरणं हेच माझं काम आहे आणि बालातला मी तीनदा गेलोय.

तिथल्या लोकांना कॅमेऱ्याचा कंटाळा का आलाय ते आधी समजून घ्या. हा भाग एकेकाळी ज्यू वस्तीचा, १४९२ मध्ये स्पेनमधून हाकललेले ज्यू ऑटोमन राज्यात आले, त्यातले बरेच इथे स्थिरावले, अहरिदा सिनेगॉग अजून आहे. शेजारच्या फेनेरमध्ये ग्रीक, तिथे त्यांच्या धर्मगुरूंचं पीठ आहे, आणि टेकडीवरची लाल विटांची भलीमोठी ग्रीक शाळा तर तुम्हाला लांबूनही दिसली असेल. खाली पाण्याजवळ बल्गेरियन लोकांचं लोखंडी चर्च आहे, १८९८ सालचं, त्याचे भाग व्हिएन्नात ओतले आणि डॅन्यूब नदीतून, काळ्या समुद्रातून बोटीनं आणून इथे जोडले, तुमच्यापासून ट्रामच्या बालात स्टॉपकडे जाताना लागेल, आत नक्की जा. पुढे हे सगळे लोक हळूहळू निघून गेले आणि काळ्या समुद्राकडच्या गावांतून कामासाठी आलेली कुटुंबं त्या घरांत राहायला आली. तुमच्या आजी बहुधा त्यातल्याच, लग्न होऊन आल्या असतील. तेव्हा कोणी ढुंकून बघत नव्हतं या घरांकडे, पडायला आली होती. २००३ पासून पुढची काही वर्षं युरोपियन युनियनच्या पैशातून काही घरं दुरुस्त झाली, मग कॅफे आले, मग किरेमित रस्त्यावरची रंगीत घरं सगळ्यांच्या मोबाइलवर गेली. आता लोक परक्याच्या पायरीवर बसून कपडे बदलून फोटो काढतात, वाळत घातलेले कपडे बाजूला करतात, मी स्वतः बघितलंय. आणि भाडी चढतात ती वेगळीच, ज्यांनी पडकी घरं सांभाळली त्यांनाच जावं लागतंय. मग आजींनी पडदा ओढला तर मला त्यात काहीच नवल वाटत नाही.

माझा नियम असा की माणूस ओळखू येणार असेल तर तोंडी हो मिळाल्याशिवाय नाही, खूण चालत नाही, तुमच्या उदाहरणावरून कळतंच का ते. टेकडीवर चार्शाम्बाकडे गेलात तर कॅमेरा बॅगेतच ठेवा, तिथली वस्ती फार सोवळी आहे, बायका पूर्ण काळ्या वस्त्रात असतात. बुधवारी मात्र फातिह मशिदीच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत आठवडी बाजार भरतो तो चुकवू नका, चीजपासून पडद्यांपर्यंत सगळं, आणि बायका दोन चाकांच्या पिशव्या ओढत असतात त्या पायावरून जातात, जपून.

खिडकीतून बघत बसणं गैर आहे का असं तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण तुमच्या लिहिण्यात ते जाणवलं. बघा हो. ते पण तुम्हाला बघतायत.

खिडकीतली:

सगळ्यांचे मनापासून आभार, काल संध्याकाळी जाऊन आले.

चेरी घेतल्या. मानावला "कोलाय गेलसिन आबी" म्हटलं तर त्यानं मी निवडलेल्यातल्या दोन मऊ चेरी बाहेर काढून वरून मूठभर जास्त घातल्या. आजींचं दार त्याच मुलानं उघडलं, नातू आहे. मी आधी "कुसुरा बाकमायन तेयझे" म्हटलं, मोबाइल दाखवून हात जोडले, पुढचं काही येतच नव्हतं. आजींनी वाटी घेतली, चेरींकडे बघितलं, आणि मला दंडाला धरून आत घेतलं. बाहेर चपला, आत घालायला घरातल्या सपाता, मग तळहातावर लिंबाच्या वासाचं कोलोन्या ओतलं, चहा. नातू मोबाइलमध्ये बोलून भाषांतर करून दाखवत होता. आजी लग्न होऊन कास्तामोनूकडून आल्यात, म्हणजे वरचा अंदाज बरोबर निघाला.

मी विचारलं, तुम्ही रागावला होतात ना, मग आशुरे का पाठवलीत? नातवानं विचारलं, आजी बराच वेळ बोलल्या, आणि मोबाइलवर आलं ते एवढंच, तू दिवसभर एकटी बसतेस, तुझ्याकडे कोणी येत नाही.

मी आठ दिवस त्यांना बघत होते, आणि माझ्याकडे कोणी येत नाही हे त्यांनी मोजलं होतं. मला रडू आलं, त्यांनी उगाच चमचाभर जास्त साखर घातली चहात.

आज सकाळी सव्वानऊला खिडकीतून त्यांनी मला हाक मारली, "कझम", माझ्या मुली, आणि खुणेनं बोलावलं. टोपलीची दोरी माझ्या हातात दिली. नायलॉनची आहे, निळी, आणि जिथे हात बसतो तिथे जुन्या साडीसारखी मऊ पडलीय, कठड्याच्या लाकडाला पण तिथे खाच पडलीय बोटभर. खाली सोडताना काही नाही हो, पण वर ओढताना दोन पाव, दह्याचा डबा आणि अर्धं खरबूज, माझे दंड भरून आले. आजी शेजारी उभ्या राहून सांगत होत्या, यावाश यावाश, हळूहळू, एवढं मला कळलं. बक्काल खालून बघत होता, त्यानं टोपलीत न मागितलेलं एक सिमित ठेवलं होतं, माझ्यासाठी असं नातू म्हणाला.

चमचा आडवा ठेवायची युक्ती कामाला आली, चार ग्लासांवर थांबले. दोन पावांचे पैसे देऊन एक ठेवून पण आले.

पुढच्या मंगळवारी पहाटे पाचला निघायचंय, टॅक्सी गल्लीत येत नाही म्हणून खाली पाण्यापर्यंत बॅग ओढत जाणार. आजी म्हणतायत मी उठते. त्यांना झोपमोड करू नका म्हणून कसं सांगू?

उस्कुदारची:

सांगू नका ताई, उठू द्या. आणि निघालात की मागून पाण्याचा आवाज येईल, तांब्याभर पाणी रस्त्यावर ओततील तुमच्या पाठीमागे, दचकू नका. पाण्यासारखी जा, पाण्यासारखी ये, असं म्हणतात ते. सु गिबी गित, सु गिबी गेल. आमच्या वेळी खालच्या मजल्यावरच्या त्याच बाईंनी ओतलं होतं, धाकटीच्या बुटापर्यंत आलं होतं पाणी.